नायिकेच्या टेबलावर

"आणि आजही आई गायली नाही तर?" बसमधून उतरता उतरता मुंगीने विचारलं.

"आज गाणार," आजी म्हणाली. "पुन्हा विचारलंस तर आल्या पावली परत नेईन."

मुंगी सात वर्षांची. शाळेत ‘माझी आई’ या विषयावर तिने लिहिलं होतं, की माझी आई शहरातल्या मोठ्या संगीत नाटकात नायिका आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलीने वर्गासमोर सांगितलं, की हे खोटं आहे, हिच्या आईला तिथे कुणी पाहिलेलंच नाही. बाईंनी लाल शाईने शेरा मारला : खरे लिहावे. तो बघून आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरली नव्हती.

लिहिलेलं धड खोटंही नव्हतं. आजीची लेक सहा वर्षं त्या नाटकात बदली नायिका होती. सगळी गाणी पाठ, अंगाबरहुकूम शिवलेला पोशाख तयार, आणि काम काय, तर पडद्याआड स्टुलावर बसून राहायचं. नायिका आजारी पडलीच तर उभं राहायचं. आणि ती बया सहा वर्षांत साधी शिंकली नव्हती. घरात आजी तिला ‘महाराणी’ म्हणायची. याआधी दोनदा आजी आणि नात येऊन, अगदी मागच्या रांगेत बसून, महाराणीचं गाणं ऐकून घरी गेल्या होत्या.

गेल्या आठवड्यात लेकीचा फोन आला. "आई, शनिवारी दुपारचा प्रयोग. मुंगीला घेऊन ये. का ते विचारू नकोस." आवाज कापत होता. आजीने ओळखलं, रडतेय. हरली पोरगी. मग तिकिटं आली, ती चक्क पाचव्या रांगेतली.

"आयुष्यभर स्टुलावर बसवायचं आणि वर तिकिटांची भीक घालायची!" आजी दात-ओठ खात म्हणाली. आणि आज सकाळी तिने फडताळातून खल काढला.

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी दारवान बसला होता. आजीने मुंगीला समोरच्या भिंतीवरचं पोस्टर बघायला पिटाळलं. पोस्टरवर महाराणी होती, मुकुट घातलेली, गालांवर बोटभर रंग. आजीने पिशवीतून थर्मास काढला.

"नायिकेसाठी आहे. मध घातलेलं गरम पाणी."

"कुणाच्या नावाने ठेवू?"

"त्या तुमच्या..."

"नाव नको, आजी. इथे माणसाचं नाव चालत नाही, भूमिकेचं चालतं. नायिकेचं जे काही येईल ते एक नंबरच्या खोलीत, नायिकेच्या टेबलावर." दारवानाने थर्मास हातात घेतला. "बरं झालं आणलंत. घसा कोरडा पडलाय म्हणत होती बिचारी."

"बिचारी!" आजीच्या तोंडून निघून गेलं. मग ती सावरली. "सगळं प्यायला सांगा. गार करू नका म्हणावं."

एकतीस वर्षं तिने दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे काढली होती. मापात एकदाही चूक नाही. पाऊण तासात झापड येणार, मग तीन-चार तास झोप, उठल्यावर डोकं जरा जड. बाकी केसालाही धक्का नाही. महाराणीने कधी सुट्टी घेतली नव्हती ना? आज आजीने तिला दिली होती.

पुढच्या दाराशी एक चिठ्ठी डकवलेली होती. माणसं गर्दी करून वाचत होती, मुंगीला मधून काही दिसेना.

"आजी, काय लिहिलंय?"

"पान खाऊन थुंकू नये. चल." आजीने तिला हाताला धरून आत ओढलं. चष्मा पिशवीच्या तळाशी होता आणि डोकं ठिकाणावर नव्हतं.

पाचव्या रांगेत मुंगीच्या पलीकडच्या खुर्चीत डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. मांडीवर भला मोठा पुष्पगुच्छ.

"माझी आई आज गाणार आहे," मुंगीने तिला सांगून टाकलं.

"हो? मग टाळ्या जोरात वाजव हं."

आजीने मुंगीला चिमटा काढला आणि राग बाईवर काढला. "फुलं जरा खाली घ्या. पोरीला रंगमंच दिसायला हवा. बाग बघायला नाही आणलेली."

बाईने गुच्छ खाली घेतला. "रागावू नका, आजी. मीसुद्धा आज पहिल्यांदाच इथून बघतेय."

"मग तोंड मिटून बघा."

तिसरी घंटा झाली. पडदा हलला नाही. पाच मिनिटं गेली. मागे कुजबुज सुरू झाली. आजी घड्याळाकडे बघत होती. बरोबर पाऊण तासाच्या वर दहा मिनिटं झाली होती.

पडद्याच्या फटीतून व्यवस्थापक बाहेर आला. कपाळाला घाम.

"क्षमा असावी. नायिकेचं काम करणाऱ्या कलाकाराला अचानक ग्लानी आली आहे. डॉक्टर आलेत, काळजीचं कारण नाही. दुसऱ्या कलाकाराला उभं करून प्रयोग लगेच सुरू करतो."

आजीने मुंगीचा हात इतका दाबला, की ती कळवळली. सहा वर्षांची आग पहिल्यांदाच थोडी निवली होती. "डोळे फाडून बघ आता," ती नातीच्या कानात म्हणाली. "आणि सोमवारी त्या भवानीला सांग, कुणाची आई खोटी ते. तुझ्या बाईंना पण सांग."

व्यवस्थापक मात्र आत गेला नाही. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तो पाचव्या रांगेकडे बघत राहिला.

शेजारची बाई उठली. तिने डोक्याचा रुमाल सोडला, तसा मागच्या रांगांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. मुंगी तिच्याकडे बघतच राहिली. मुकुट नव्हता, गालांवर रंग नव्हता, पण चेहरा पोस्टरवरचाच होता.

बाईने घाईघाईने गुच्छ मुंगीच्या मांडीवर ठेवला.

"सांभाळ हं, बाळा. तुझ्या आईच्या पहिल्या प्रयोगासाठी आणला होता."