शिवकन्याला पुढं पाठवा

आत सहावीच्या वर्गात अपूर्णांकांचा तास चालला होता आणि शिवकन्या बाहेर हौदापाशी चहाचे कप विसळत बसली होती. नंदा मॅडमनी ते खिडकीतून पाहिलं आणि त्यांच्या तोंडाची चवच गेली.

"तिला बाहेर का बसवलंय, सर?"

"बसवलंय कुठं? तिचं झालंय." मुख्याध्यापक उमाशंकर सर खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "मी फळ्यावर गणित लिहीपर्यंत ही उत्तर सांगून मोकळी. मग बाकीच्यांनी काय माशा मारायच्या? म्हणलं जा, कप धू."

हे रोजचंच होतं. कप नसले की पहिलीच्या पोरांची बाराखडी घ्यायची, तेही नसलं की अंगण झाडायचं. शाळेचं निम्मं काम ती पोर ओढायची आणि तेवढ्या वेळात सर पाय पसरून मोबाईल बघायचे. काय म्हणावं असल्या माणसाला? बरं, वर पगारही वेळेवर.

नंदा मॅडम ठाण्यात वाढलेल्या. नोकरी लागली ती थेट इकडं, धाराशिव जिल्ह्यात, ईट गावाच्या पलीकडल्या ह्या शाळेत. सुरुवातीला त्यांनाही शिवकन्या बेताचीच वाटली, कारण पेपरात तिच्या चुका असायच्या. मग एकदा नीट बघितलं, तर अवघड गणितं सगळी बरोबर आणि सोपी तेवढी चुकलेली. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"समदं बरोबर आलं की सर कामाला लावत्यात," शिवकन्या खाली बघत म्हणाली. "थोडं चुकलं की वर्गात बसू देत्यात."

मॅडमना शिसारी आली. शिकल्यासवरल्या माणसानं एका पोरीला चुकायला शिकवलं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी तिला आपल्या हाताखाली घेतलं. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं की पोरीचा चेहरा उतरायचा, म्हणून पुन्हा सांगायचंच नाही, वरच्या वर्गाचं पुस्तक पुढं ठेवायचं. उत्तर आलं की 'आता दुसऱ्या रीतीनं कर' म्हणायचं. पोर नुसती सुटली. एकदा भर वर्गात तिनं फळ्यावर असं गणित सोडवलं की सरांना रीतच कळली नाही.

"लई शहाणी झाली ही," सर थुंकल्यासारखं बोलले. "तुम्हीच केलीत."

"मग तिला धाराशिवच्या निवासी शाळेत पाठवू या ना."

"आईबाप ऊसतोडीला गेलेत. ते आल्यावर बघू. अन् ही गेल्यावर पहिलीला कोण शिकवणार, तुम्ही?"

मॅडम तिथून उठल्याच. आणखी थोडा वेळ बसल्या असत्या तर नको ते बोलल्या असत्या. शिवकन्या राहायची तिच्या चुलतीकडं. मॅडमनी तिथून नंबर घेतला आणि आईला, सरुबाईला, फोन लावला. पुस्तकी बोलायचं नाही, त्यांच्या बोलीत बोलायचं, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

"सरुताई, मी शाळेतली नंदा मॅडम. तुमची शिवकन्या शहाणी झालीय हो."

पलीकडं फडातला गलका होता. तो हळूहळू दूर गेला. सरुबाई बाजूला आली असावी.

"कवा?"

"माझ्याही आत्ताच लक्षात आलं. ती सांगत नव्हती, लपवत होती."

"लाजली आसंल. पर इतक्या लवकर?"

"काही मुली असतात अशा. आता तिला ह्या वर्गात, ह्या पोरांमध्ये बसवून ठेवायला नको. वाया जाईल. पुढं पाठवायला पाहिजे."

"व्हय. तसंच करावं लागंल." सरुबाईनं आवाज खाली आणला. "समद्यास्नी कळलं का?"

"कळणारच की. सर तर भर वर्गात बोलले."

"आगं बाई."

"ठिकाणाची काळजी करू नका, मी बघते."

"नगं मॅडम, तुमी एवढं केलं तेच लई झालं. परांड्याला आमच्या पावण्यात चांगलं घर हाय. मालकास्नी सांगते."

परांडा तालुक्याचं गाव. तिथं शाळाही मोठी असणार. मॅडमना हायसं वाटलं. थोड्याच दिवसांत शिवकन्याचा बाप व्यंकट आला आणि पोरीला घेऊन गेला. दाखला न्यायला मात्र कुणी फिरकलं नाही. तो उमाशंकर सरांनीच अडवला असणार, दुसरं कोण? मॅडमनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कपाला तर त्यांनी हातच लावला नाही, पडू दे म्हणाल्या खरकटे.

उन्हाळ्यात ऊसतोड संपली, माणसं गावी परतली. जवळच्या वाशी गावच्या बाजारात व्यंकट आणि सरुबाई समोरून आले. मॅडमना बघून सरुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

"शिवकन्या रमली का परांड्यात?" मॅडमनी विचारलं.

"रमंल हळूहळू. आधी लई रडायची."

"शिकवतात ना नीट तिला?"

"व्हय की. सासू समदं शिकवती. चांगलं माणूस हाय."

मॅडमना वाटलं, गर्दीत आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

"कोण शिकवतं?"

"पोर शहाणी झाल्याचं तुमी कळवलं म्हणून बरं झालं, मॅडम," व्यंकट म्हणाला. "न्हाण आलेली पोर म्हागं ठिवून आमाला फडावर झोप लागली नसती." एवढं बोलून तो अवघडला आणि कांद्याच्या ढिगाकडं सरकला.

सरुबाई जवळ आली आणि बायाबायांत बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणाली,

"पोरगी सारखी म्हणायची वो, आई, मला आजून काय झालंच न्हाय. पर म्या म्हणलं, मॅडम कशाला खोटं सांगतील?"