बदल करणाऱ्याचं नाव

माणूस विसरतो, संगणक विसरत नाही. १९८७ साली सातपूरच्या त्या कारखान्यात हे सत्य संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढूनच मानलं जाई. प्रोग्रॅममधली एक ओळ जरी कुणी बदलली, तरी नवी व्यवस्था जुनी ओळ जपून ठेवी आणि बदलणाऱ्याचं नावही नोंदवी. म्हणूनच हजेरीच्या प्रोग्रॅमने अख्खी दुसरी पाळी गैरहजर दाखवली, तेव्हा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या पगारेबाई निर्धास्त होत्या.

"बाई, हा घोळ तुमचाच. मेमो टाइप होतोय," विभागप्रमुख देवरे साहेब म्हणाले.

"आपण कशाला भांडायचं साहेब, संगणकालाच विचारू की."

प्रिंटर करकरला. कागदावर बदललेली ओळ होती, तारीख होती आणि नाव होतं: सप्तशृंगी देवी. त्याआधीचे झाडून सगळे बदलही तिचेच.

पगारेबाईंनी सेटिंगची फाइल उघडली. तिथे जे नाव भरलेलं, तेच नाव यंत्र प्रत्येक बदलावर घालत होतं.

"साहेब, हे नाव कुणी भरलं?"

"मीच. दसऱ्याला यंत्र बसवलं, पहिलं नाव देवीचं नको?" साहेबांनी कागदाला हात जोडले.

देवीला मेमो देता येत नाही, म्हणून तो पगारेबाईंना मिळाला.