बकऱ्याचं कातडं

माणसावर सुरी धरण्याआधी शिकाऊ डॉक्टर पोरांचा हात बसावा, म्हणून डॉ. नीला कर्णिकांनी घाटकोपरच्या खाटकाकडून स्वतः बकऱ्याचं कातडं आणलं. कातडीचा तुकडा तीन बाजूंनी सोडवायचा, रक्त पोचत राहावं म्हणून चौथी बाजू जोडलेलीच ठेवायची आणि शेजारच्या जखमेवर ओढून शिवायचा, हे त्यांनी करून दाखवलं. सगळे कामाला लागले. विद्याधर मात्र हात मागे बांधून उभा.

"मॅडम, आज संकष्टी आहे. मी नुसतं बघतो."

बाईंनी राग गिळला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मालन होती. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर ती वर्कशॉपात जाऊ लागली होती, तिथे पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडून तिच्या हाताची कातडी निघाली होती. आज विद्याधर सगळ्यांच्या पुढे.

"मॅडम, ही केस मला द्या ना. हिच्यासोबत कोणी नाही, बिघडलं तरी विचारायला कोण येतंय."

मालन टकामका बघत होती. बाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"काल बकऱ्याच्या कातड्याला बोट लावलं नाहीस. आणि आज हिच्यावर शिकणार?"

बाई का चिडल्या, तेच विद्याधरला कळेना.

"पण मॅडम, संकष्टी काल होती."