सहा बळींचा जावई

"मला घेऊ नका रं," आनंद तिसऱ्यांदा म्हणाला. "एका मॅचचा बॉलर मी. वर्षभर खेळवलासा तर मार खाऊन मरीन."

नागेंद्र सर हसले, मारुतीराव हसले. सुहास वकील तेवढा यादीत डोकं घालून बसला होता.

दर उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी बेळगावच्या टिळकवाडीत आनंदच्या घरी ही बैठक बसते. निवृत्त गणितमास्तर नागेंद्र सरांनी बेळगाव-निपाणी भागातल्या जुन्या क्रिकेट स्पर्धांच्या स्कोअरवह्या जमवल्या आहेत आणि सगळे आकडे संगणकात भरले आहेत. चौघांचे चार संघ. दर वर्षी एक जुना हंगाम निवडायचा, त्या हंगामात पहिल्यांदा मैदानात उतरलेले नवखे आपसांत वाटून घ्यायचे आणि पुढचे सामने संगणकाने खेळवायचे.

यंदा निघालं नव्वद साल. नवख्यांच्या यादीत पहिलंच नाव खुद्द घरमालकाचं होतं. 'आनंद, मच्छे. डावखुरा, मध्यमगती. सामना एक. नंदगडविरुद्ध अकरा धावांत सहा बळी.'

या सहा बळींवर तर हा संसार उभा होता. नंदगडचे क्रिकेटवेडे मास्तर त्या दिवशी लांबचा चष्मा घरी विसरल्यामुळे स्कोअररला चिकटून बसले होते. सामना संपल्यावर त्यांनी वहीत बॉलरचं नाव बघून घेतलं आणि आठवड्याच्या आत आपल्या मुलीचं, विद्युल्लताचं, स्थळ मच्छे गावी धाडलं. मुलगा काय करतो, शेती किती, कशाचीही चौकशी नाही. पुढे दर दिवाळीला ते पाहुण्यांसमोर जावयाचे सहाच्या सहा बळी बोटांवर मोजून दाखवत. आनंद मान खाली घालून ऐके. पोरगा किती विनयशील, म्हणून मास्तरांना भरून येई.

पस्तीस वर्षं जपलेलं हे वैभव आता यंत्राच्या हाती द्यायचं आनंदच्या जिवावर आलं होतं. यंत्राला कसली भीडभाड? दोन सामन्यांत धुऊन काढील, आणि तेही बायकोसमोर! कुणीच घेतलं नाही, तर नाव यादीत पडून राहील आणि सहा बळी होते तसे राहतील. त्याला तेवढंच हवं होतं.

नागेंद्र सरांनी चष्मा सारखा केला. "नियम तीन. बोगस नाव बाद. त्या काळी गावाबाहेरचा खेळाडू चालत नव्हता, म्हणून लोक बाहेरचं भारी पोरगं आपल्यातल्या कुणाच्यातरी नावावर घुसवायचे. खानापूरचा शामू मी खोडलाय. मॅचच्या दिवशी तो बहिणीच्या लग्नात जिलेबी वाढालता. शंभर साक्षीदार हाईत."

"आनि नियम चार?" मारुतीरावांनी विचारलं. मारुतीराव उद्यमबागेत फौंड्री चालवतात आणि नियम पाठ असूनही दर वर्षी विचारतात.

"कुणी स्वतःला घ्यायचं न्हाय. आनंदा, तुला सोडून सगळ्यांना तू मोकळा."

विद्युल्लता चहा घेऊन आली. सुहासचा कप तिने नेहमीसारखा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि आधी कुणी निवडायचं ते ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांचा डबा उचलला. तीस वर्षं बँकेत काढलेली बाई, चिठ्ठी काढायला सगळ्यांचा विश्वास तिच्यावरच.

पहिली चिठ्ठी सुहासची निघाली.

आनंदला हायसं वाटलं. सुहास कॉलेजपासूनचा दोस्त, मूळचा निपाणीचा. लग्नात तर नवरदेवाच्या मागेपुढे हाच नाचला होता. आनंदने डोळ्यांनीच 'नको' म्हटलं.

सुहासने चहाचा घोट घेतला. "आठ वर्षं शेवटचा नंबर काढालोय मी. लोक हसालेत. मी आनंदाला घेतलं."

"सुहास!"

"काय सुहास? अकरा रनांत सहा! असा बॉलर ह्या भागात पुन्हा झाला न्हाय," सुहास म्हणाला. बोलताना त्याची छाती उगाचच फुगली होती.

मारुतीरावांचं तोंड उतरलं. आनंदवर त्यांचाही डोळा होता. "थांबा सर. शामूची चौकशी केलासा, मग ह्याची का न्हाय? पहिल्याच मॅचला सहा विकेटी, आनि पुन्हा आयुष्यात बॉल हातात धरला न्हाय?"

"खांदा दुखावलता," आनंद घाईने म्हणाला.

"मॅच बघितलेलं कोण हाय?"

"आमचे सासरे. ते गेले."

"मग अवघड हाय गड्या," सर म्हणाले. "साक्षीदार न्हाय, तर नाव खोडावं लागतंय." त्यांनी लाल पेन उघडलं.

आनंदने यादीवर तळहात ठेवला. यादीत पडून राहणं वेगळं आणि बायकोदेखत लाल रेघ मारून घेणं वेगळं. सासऱ्यांचा फोटो भिंतीवरून त्याच्याकडेच बघत होता.

"खोडू नका सर," विद्युल्लता म्हणाली. "मी हुते की मॅचला. आप्पांच्या शेजारीच बसलेते."

आनंदच्या हातातली बशी कलंडली. "तू? कधी बोलली न्हाईस ते?"

"तुम्ही कधी विचारलासा?"

"झालं तर मग!" सरांनी पेन मिटलं. "घरातच साक्षीदार! सांगा वहिनी, सहा विकेटी खऱ्या का खोट्या?"

"खऱ्या. एकन् एक डोळ्यांनी बघितलीया." तिने फडक्याने नवऱ्याच्या गुडघ्यावरचा चहा टिपला. "पण नियम चार मोडला की सर. सुहासभावजींनी स्वतःलाच घेतलंय."