दोष

शिला पुण्यात पेशींवर संशोधन करायची. पेशीत जनुक वाचलं जाताना ते वाचन अर्ध्यात तुटू नये म्हणून काही प्रथिनं राबतात. ती बिघडली तर गर्भ टिकत नाही, हा तिचा विषय. वहिनीचा तिसरा गर्भ पडला, तेव्हा ती कळमनुरीला घरी आली.

“तू तर हेच शिकून राहिली. सांग, हिच्यातच दोष हाय ना?” आईनं विचारलं.

दोष नवऱ्यातही असू शकतो, हे शिलाला माहीत होतं. भाऊ जमिनीकडं बघत बसला होता.

“नक्की सांगता येत न्हाई,” ती म्हणाली.

आईनं वहिनीला माहेरी धाडलं. वारंगा फाट्यावर तिला एसटीत बसवून देताना शिलानं शरमेनं तिची माफी मागितली.

“राहू द्या ताई. दोष यांच्यात हाय, हे डॉक्टरनं मागंच सांगितलं. तुमचा भाऊ हाय म्हून तुमी गप राहिल्या. माझा नवरा हाय म्हून मी.”