घामाचे तीन प्रश्न

दुपारी बारा वाजता दामू तांडेलचा परवाना आपोआप रद्द होणार होता. मनचाचणीत त्याची भीती हद्दीबाहेर गेली होती आणि भित्र्या माणसाच्या हाती बंदरातली क्रेन द्यायची नाही, असा कायदा होता.

"बाई, पंचवीस वर्षं आभाळात बसतोय. भीती आत्ताच कुठून येईल?" तो म्हणाला.

चाचण्या तपासणाऱ्या शर्वरीने सगळ्या क्रेनचालकांची उत्तरं घटक विश्लेषणाला लावली. कोणते प्रश्न एकमेकांना धरून चालतात ते पडद्यावर उमटलं आणि ती खुर्चीतून उठलीच. भीतीच्या बारापैकी नऊ प्रश्न एकत्र होते. घाम, धडधड आणि घशाची कोरड या तिघांनी मात्र वेगळी चूल मांडली होती, आणि ती ऐन उन्हाळ्यातच पेटत होती.

"दामूदादा, तुमच्या केबिनला एसी आहे?"

"पत्र्याच्या डब्याला कसला एसी?"

प्रश्न लिहिणारे मात्र एसीत बसले होते. ते तीन वगळताच दामूची भीती हद्दीत आली. बाराला चार मिनिटं असताना शर्वरीने दुरुस्ती पाठवली. दामूसकट दोनशे सहा चालकांचे परवाने वाचले.

दामूने तिथूनच घरी फोन लावला. "अगं, मी भित्रा नाही, सरकारनेच मान्य केलं! हसतेस काय?"