हार शेवटी

जुन्नरच्या बाजारपेठेत साळुबाईंनी गेलेल्या माणसांच्या तसबिरी तीस वर्षं रंगवल्या. तसबिरीतला चंदनाचा हार त्या नेहमी सगळ्यात शेवटी रंगवायच्या.

२००४ साली फ्लेक्सवाल्यांमुळे धंदा बसला. "आई, उतरव आता तुझी ती मैत्रीण," भरत दुकान आवरताना म्हणाला.

मैत्रीण म्हणजे भिंतीवरचं छापील चित्र. अडीचशे वर्षांपूर्वीची हॉलंडची चित्रकर्ती, हातात कुंचला, कॅनव्हासची पाठ आपल्याकडे. "कुनाला काढतीस गं बाये?" साळुबाई रोज दुकान उघडताना तिला विचारायच्या.

आज त्यांनी शेवटचं एकदा पदरानं चित्राची काच पुसली. चित्रात चित्रकर्तीच्या मागे एक आरसा होता, त्यात आजवर नुसता काळोख असायचा. आता त्यात कॅनव्हास दिसत होता, आणि कॅनव्हासवर साळुबाई, आजच्याच लुगड्यात.

गळ्यातला हार अर्धा रंगवून झाला होता.